फौजी काकांना विचारा : आजोबांची वही आणि नऊ पानांची लढाई

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की लष्करी अधिकाऱ्यांच्या आठवणी वाचताना मला लढाईच्या प्रकरणापेक्षा ट्रेनिंगचं प्रकरण जास्त खरं वाटतं, तर त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले काका या वेळचं सदर याच विषयावर होऊन जाऊ द्या. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, चार निवडलीत. नावं छापत नाही, गावं छापतो, आपल्याकडं गावावरूनच माणूस ओळखतात तरी.

प्रश्न : नमस्कार काका. माझे आजोबा १९६३ साली इमर्जन्सी कमिशन घेऊन आर्मीत गेले, ६५ च्या लढाईत खेमकरण भागात होते, मेजर म्हणून रिटायर झाले. ते गेल्यावर त्यांच्या काळ्या ट्रंकेत दोन वह्या सापडल्या, त्याचं पुस्तक करायचंय. पण मद्रासच्या ट्रेनिंगची साठेक पानं आणि लढाईची फक्त नऊ, ७१ बद्दल तर एकच ओळ. छापणारे म्हणतात लढाई वाढवा, पॅटन रणगाडे, अब्दुल हमीद वगैरे घाला, नाहीतर कोण घेईल. काही पानांचे फोटो पाठवतोय. काय करू? — एक वाचक, पाचोरा

भाऊ, सगळ्यात आधी त्या वह्या ट्रंकेतून बाहेर काढ. साठ वर्षांचा कागद आहे, कसर लागली की पुस्तक करायची भानगडच मिटेल. मोबाईलनं पान न् पान फोटो काढ, उन्हात नको, सावलीत, आणि दोन ठिकाणी ठेव. मग बाकीचं बोलू.

तू पाठवलेली पानं मी तीनदा वाचली. लढाईच्या दुसऱ्या पानावर आजोबांनी लिहिलंय की ऊस सहा-सात महिन्यांचा असावा, आपल्या जामद्याच्या पाटावरच्या उसापेक्षा जाड, आत जीप उभी केली तर दिसणार नाही. आणि खाली दुसऱ्या दिवशीचं, की शेतात गुडघाभर पाणी सोडलंय, कोणाचा तरी पाट फुटलाय, शेतकरी परत आला की शिव्या घालेल. एवढंच. पॅटनचा पत्ता नाही.

आता तुला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. ८ ते १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणच्या पुढं असल उत्तर नावाच्या गावाजवळ रणगाड्यांची जी लढाई झाली तिच्यात या दोनच गोष्टींनी काम केलं, ऊस आणि पाणी. आपली चौथी माउंटन डिव्हिजन मागं येऊन घोड्याच्या नालेच्या आकारात बसली होती, रणगाडे आणि जीपवरच्या रिकॉइललेस गन, म्हणजे रणगाडे फोडायच्या हलक्या तोफा, उसात लपवल्या होत्या आणि कालव्याचं पाणी मुद्दाम शेतात सोडलं होतं. पाकिस्तानची आर्मर्ड डिव्हिजन पॅटन घेऊन आली, ते चिखलात रुतले आणि उसातून त्यांच्यावर अगदी जवळून मारा झाला. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीदनी असल्याच एका जीपवरच्या गननं एकामागून एक रणगाडे उडवले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे सगळं पुस्तकात आहे, शाळेतल्या पोरांना पण माहीत आहे.

पण तुझ्या आजोबांना त्या दिवशी माहीत नव्हतं! दोन वर्षं पण पुरी झाली नव्हती कमिशन मिळून, एका प्लाटूनचा सेकंड लेफ्टनंट, त्याला कोण सांगणार की पाणी डिव्हिजननं सोडलंय. त्याला पाणी दिसलं आणि शेतकऱ्याच्या पोराला पहिलं काय सुचलं तर पाट फुटलाय. हीच तर लढाई आहे रे. नकाशावरचा लाल बाण, निळा बाण नंतर काढतात, खंदकात बसलेल्या माणसाला समोरचं एक शेत दिसतं, शेजारच्या कंपनीत काय चाललंय ते पण कळत नाही. मी कारगिलला होतो, आमच्या डोंगराच्या पलीकडच्या डोंगरावर काय झालं ते मला घरी सुट्टीवर आल्यावर भुसावळ स्टेशनवर घेतलेल्या पेपरातून कळलं, खोटं नाही सांगत.

त्यामुळं आजोबांच्या तोंडी अब्दुल हमीद घालू नको. त्यांनी पाहिलं नाही ते त्यांनी पाहिलं असं लिहिलंस तर बाकीची आठ पानं पण खोटी पडतात. तुला सांगायचंच असेल तर तू सांग, नातू म्हणून, वेगळ्या टाईपात, की आजोबांना वाटलं पाट फुटला, खरं असं होतं. मला विचारशील तर वाचणाऱ्याच्या अंगावर काटा तिथंच येईल. तारखा आणि गावांची नावं मात्र ताडून बघ. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागानं ६५ चा आणि ७१ चा अधिकृत इतिहास लिहून घेतलाय, तो शोध, आणि आजोबांच्या रेजिमेंटच्या सेंटरला एक साधं पत्र टाक, बहुतेक ठिकाणी जुनी माणसं आणि जुने कागद दोन्ही जीव लावून सांभाळतात.

आता ट्रेनिंगची साठ पानं. ती जास्त का, तर त्याचं कारण साधं आहे, ट्रेनिंगमध्ये रोज तेच तेच घडतं म्हणून ते हातापायात बसतं, आणि लढाईत झोपच नसते, झोप नसलेल्या माणसाला काय आठवणार. शिवाय आजोबांची बॅच बघ. ६२ ला चीनसमोर जे झालं त्यानंतर सैन्याला एकदम हजारो ऑफिसर हवे होते, म्हणून मद्रासला १९६३ मध्ये ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल काढलं, तेच आजचं चेन्नईचं ओटीए. खडकवासल्याची एनडीए आणि मग डेहराडूनची आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी, करणाऱ्याला चार वर्षं मिळतात, यांना सहा-सात महिन्यांत उरकलं. कॉलेजातून उचललेला पाचोऱ्याचा पोरगा, त्याला सहा महिन्यांत तीस-पस्तीस माणसांचा जीव हातात द्यायचा. ती साठ पानं कापू नको, उलट त्यातूनच कळतं की त्या उसात बसलेला माणूस कोण होता.

माझंच सांगतो. डेहराडूनला आयएमएमध्ये फायरिंगच्या दिवशी सगळ्यात मोठी भीती गोळीची नसायची, खोख्याची असायची. खोखा म्हणजे गोळी सुटल्यावर राहिलेली रिकामी पितळी पुंगळी. जेवढे राउंड मिळाले तेवढे खोखे मोजून परत द्यायचे, एक कमी पडला तर अख्खी प्लाटून गवतात गुडघ्यावर. एकदा माझ्या लेनचा एक कमी पडला. ऊन उतरायला लागलं, जेवण गेलं, उस्ताद शांतपणे उभा, आणि आम्ही चाळीस जण गवत विंचरतोय आपल्या बाया डोक्यातल्या उवा बघतात तसं. शेवटी सापडला माझ्याच बुटाच्या फटीत! मी तो उलटा केला तर बुडावर अक्षरं, ओएफव्ही. ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव. माझे मामा तिथं कामाला होते, रोज सकाळी सायकलवर डबा लावून जायचे, डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मला एवढं हसू आलं की उस्तादनं आणखी दहा फ्रंट रोल दिले. आता सांग, कारगिलच्या अडीच महिन्यांतलं एवढं बारीक मला काय आठवतं? फार थोडं. आणि जे आठवतं त्यातलं निम्मं सांगावंसं वाटत नाही.

त्यावरून ७१ ची ती एक ओळ. तू लिहिलंयस की तेव्हा आजोबा ट्रेनिंग सेंटरला पोस्टिंगवर होते आणि वहीत १६ डिसेंबरला फक्त एवढं आहे, रेडिओवर ऐकलं, जेवलो नाही. त्या दिवशी ढाक्यात त्र्याण्णव हजारांनी शरणागती पत्करली, देशभर पेढे वाटले असतील, आणि हा माणूस जेवला नाही. कारण त्यानं शिकवलेली पोरं तिकडं होती आणि तो इकडं मैदानात दाहिने मूड करत होता. हे मी समजतो, खरं काय ते त्यांनाच ठाऊक. ती ओळ एका कोऱ्या पानावर एकटी छाप. काही जोडू नको.

एक शेवटचं, हे मात्र कडक सांगतो. तिसऱ्या फोटोत एका जवानाचा मृत्यू आहे, नावगावासकट, आणि तो कसा गेला ते सगळं. ते छापायच्या आधी त्याचं घर शोध. साठ वर्षांपूर्वी त्यांना तार आली असेल, तारेत असलं काही लिहिलेलं नसतं. त्याची नातवंडं तुझ्याएवढी असतील, ती हो म्हणाली तर छाप, नाही म्हणाली तर नाव काढ. छापणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

प्रश्न : माझी लेक एनडीएला पहिल्या टर्मला आहे. फोन आला की फक्त बरी आहे म्हणते आणि ठेवते. मी लायब्ररीतून दोन-तीन अधिकाऱ्यांच्या आठवणी आणून वाचल्या तर अजूनच घाबरले, त्यात नुसता रगडा. आणि सगळी पुरुषांचीच पुस्तकं. खरंच एवढं असतं का हो? — एक आई, शिरपूर

ताई, असतं. पण ती पुस्तकं लिहिणारे सगळे माझ्यासारखे म्हातारे होत आलेले, आणि म्हाताऱ्याच्या आठवणीत टेकडी दर वर्षी थोडी उंच होते. आम्ही सिंहगडावर किती वेळा पळत गेलो हे आमच्या बॅचच्या गेट-टुगेदरला विचारलं तर आकडा दर वेळी वाढलेला असतो.

खरं सांगायचं तर तीन वर्षं, सहा टर्म, त्यात पहिली सगळ्यात वाईट. झोप कमी, प्रत्येक ठिकाणी पळत जायचं, सायकल असली तरी कधी कधी ती खांद्यावर घेऊन पळायचं, ड्रिलची टेस्ट पास होईपर्यंत रविवारी बाहेर सोडत नाहीत. जेवण भरपूर असतं, जेवायला वेळ नसतो. दुसऱ्या टर्मला ग्रीनहॉर्न कॅम्प, चौथीला रोव्हर, रोव्हर कॅम्प करून आलेलं पोर तुम्हाला वेगळं दिसेल, बोलेल पण. फोनवर बरी आहे म्हणते म्हणजे मागं रांग लागलेली आहे आणि तिला रडू यायला नकोय, बाकी काही नाही.

पुस्तकं पुरुषांची आहेत कारण मुलींची अजून लिहायचीच आहेत. चेन्नईहून मुली १९९३ पासून ऑफिसर होतायत, पण एनडीएत पहिल्या मुली २०२२ ला गेल्या आणि त्या सतरा जणी ३० मे २०२५ ला पास आउट झाल्या, म्हणजे तुमची लेक त्यांच्या अगदी पाठोपाठ. त्यांच्यातली एखादी तीस वर्षांनी लिहील.

तुम्ही एक करा, पत्र लिहा. फोन नको, पत्र. माझी आई तिसरी शिकलेली, एरंडोल तालुक्यातलं आमचं खेडं, दर पंधरा दिवसांनी तिचं पोस्टकार्ड यायचं. त्यात काळजी घे, अभ्यास कर असलं काही नसायचं. केळीला काय भाव लागला, म्हैस व्यायली का, कानबाईच्या रोटांना कोण कोण जमलं, शेजारच्या नानांनी बांध कसा कोरला. ते कार्ड मी खिशात ठेवून ड्रिल केलंय, घामानं शाई माझ्या छातीवर उमटायची. केळीचा भाव छातीवर घेऊन परेड करणारा मी एकटाच असेन. आणि हो, रगडा वेगळा आणि इजा वेगळी. कधी तिच्या बोलण्यात दुखापत लपवल्यासारखं वाटलं तर गप्प बसू नका, प्रत्येक स्क्वाड्रनला डिव्हिजनल ऑफिसर असतो, स्क्वाड्रन कमांडर असतो, सरळ त्यांच्याशी बोला. त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न : सर, मी दोनदा एसएसबीला, म्हणजे ऑफिसर निवडायच्या मुलाखतीला गेलो, दोन्ही वेळा कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत पोचून बाहेर. मी बऱ्याच ऑफिसर्सच्या आत्मचरित्रातली वाक्यं पाठ केली होती. आमच्या भागाला सैनिकी परंपरा नाही, इंग्रजी बोलताना अहिराणी हेल येतो, त्यामुळं होत असेल का? — तळोदा

मित्रा, पाठ केलेल्या वाक्यांमुळं होत असेल. तिथं साठ शब्द दाखवतात, एकेकावर वाक्य लिहायला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, तू काय करशील ते लिहायला अर्धा तास. हे टाईमिंग मुद्दाम असं आहे की पाठ केलेलं आठवायला वेळच मिळू नये, आणि जो आठवत बसतो तो तिथंच दिसतो. निवृत्त जनरलची वाक्यं बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडी कशी वाटत असतील विचार कर, बापाचा कोट घातल्यासारखी.

हेलाचं मनातून काढ. माझ्या इंटरव्ह्यूला साहेबांनी विचारलं घरी कुठली भाषा बोलता, मी म्हणालो अहिराणी, ते म्हणाले एक वाक्य बोला, मी म्हणालो, मन्हा बापले वाटस मी पास व्हसू, माले वाटत नही. अर्थ सांगितला तर ते हसले. मी झालो.

आणि परंपरा नाही कोण म्हणतं? १८२५ साली औट्रम नावाच्या इंग्रजानं भिल्ल कोअर उभी केली ती आपल्या धरणगावातच, ज्यांच्याशी लढून इंग्रज थकले त्यांनाच भरती केलं. आता ती इंग्रजांच्या कामाची होती, आपल्याच लोकांवर वापरायला, म्हणून अभिमान किती बाळगायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण लढता येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. वय बसत असेल तर तिसऱ्यांदा जा, या वेळी रिकाम्या डोक्यानं.

प्रश्न : जय हिंद साहेब. मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालो, अठ्ठावीस वर्षं सर्व्हिस, कारगिलला द्रासमध्ये गनवर होतो. तुमचं सदर वाचतो. एक विचारतो, राग मानू नका. आठवणी फक्त ऑफिसर लोकच का लिहितात? आमच्याकडं सांगायला काही नाही का? — चाळीसगाव तालुका

जय हिंद सुभेदार साहेब. राग कसला, तुम्ही माझ्या वर्मावर बोट ठेवलंत.

वर पाचोऱ्याच्या पोराला मी एवढं लांबण लावलं की आपल्या खंदकातून दिसलं तेवढंच लिहावं. तर मग हिशोब सरळ आहे, खंदक जास्त तुमचे. मी कॅप्टन होतो, इन्फंट्रीबरोबर वर ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या जागी, दुर्बीण, नकाशा आणि रेडिओ सेट. मी आकडे सांगायचो, तुम्ही खाली हायवेच्या कडेला बोफोर्स भरायचात. एकेक गोळा त्रेचाळीस किलोचा, आपल्याकडं सिमेंटची गोणी उचलायला लोक पन्नास रुपये जास्त मागतात आणि तुमची पोरं ते दिवसरात्र उचलत होती, दहा हजार फुटांवर, जिथं नुसतं चाललं तरी धाप लागते. वर समोरून शत्रूचे पण गोळे येत होते, कारण त्यांना हायवे वरून ताटासारखा दिसायचा. त्या लढाईत तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट टाकली असं सांगतात. आकडा सगळ्या पुस्तकांत आहे. ते उचलले कोणी, कसे, हातांचं काय झालं, ते कुठंच नाही.

आणि माझ्यासारखे लिहितात काय, तर विरळ हवेत गोळा जास्त लांब जातो, रेंज टेबलातले आकडे चुकायला लागले, मग आम्ही करेक्शन कसं काढलं. बरोबर आहे, महत्त्वाचं आहे, पण त्यात सगळा शहाणपणा माझाच वाटतो. खरं तर पहिल्या दिवशी माझा गोळा रिजच्या पलीकडं गेला तेव्हा खालून सेटवर आवाज आला, साहेब, थोडा कम करके देखो, इधर हवा पतली है. तो आवाज कोणाचा होता मी कधी विचारलं नाही. माझ्या वहीत तिथं माझंच नाव आहे.

का लिहीत नाहीत, तर लिहिणं हे ऑफिसच्या टेबलावरचं काम अशी आपली समजूत, आणि आपण बोलतो तसं लिहिलं तर लोक हसतील ही भीती. तुमचं पत्र नातीनं लिहून दिलंय ना, अक्षरावरून कळतं. मग तिलाच कामाला लावा. संध्याकाळी ओट्यावर बसा, ती मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करेल, तुम्ही बोला, पहिल्यापासून नको, नाशिकला देवळालीच्या रेंजवर पहिली तोफ उडाली तेव्हापासून पण नको. जिथून आठवेल तिथून.

मलाच एक हवंय, स्वार्थ समजा. वरून मी फायर म्हणालो की खालून शॉट असा जबाब यायचा, आणि मग गोळा येईपर्यंत मी दगडाला चिकटून मोजत बसायचो. पण फायर आणि शॉटच्या मधले जे काही सेकंद, त्यात गनवर काय चालायचं, नंबर वन, म्हणजे तोफेचा प्रमुख, कोणाला काय ओरडायचा, कानात कोणी कापूस घालायचं का, कोणी देवाचं नाव घ्यायचं का शिवी द्यायचं, ते मला इतक्या वर्षांनी पण ठाऊक नाही. तेवढं रेकॉर्ड करून पाठवा साहेब. अहिराणीत असलं तरी चालेल. चालेल काय, अहिराणीतच पाठवा.